विद्या की प्रज्ञा?

मावशी, सा. न.

आम्ही नाशिकला राहतो. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते, मिस्टर इंजिनिअर आहेत. दोन महिन्यांपूर्वी आम्हाला मुलगी झाली आणि बारसं नावावरून अडलंय. सासूबाईंना 'विद्या' ठेवायचंय. त्यांचं माहेर निफाडकडचं. चौथीनंतर पाठच्या भावंडांना सांभाळायला त्यांना घरी ठेवलं, शाळा सुटली ती सुटलीच. मिस्टरांना 'प्रज्ञा' हवंय. गेल्या वर्षी ते इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आले, तेव्हापासून हा शब्द त्यांच्या डोक्यात बसलाय. ते म्हणतात, विद्या म्हणजे पाठांतर आणि डिग्री, प्रज्ञा म्हणजे खरं शहाणपण. मग मुलीला कमी प्रतीचं नाव का द्यायचं? सासूबाई म्हणतात, दोन्हींचा अर्थ एकच, फक्त एक तोंडात बसतं आणि एक बसत नाही. त्या 'परदन्या' म्हणतात, मिस्टर दर वेळी सुधारतात, आणि मग दिवसभर घरात अबोला. नणंदेने फोनवरून 'ज्ञानदा' सुचवलंय, ते कुणालाच नकोय. तुम्ही संस्कृत शिकवायचात म्हणून विचारते. दोन्हींचा अर्थ खरंच एक आहे का? नसेल तर मोठा शब्द कोणता? मला दोन्ही नावं आवडतात, पण हे घरात कुणापाशी बोलता येत नाही.

– एक बाळंतीण, नाशिक

अगं, आधी सरळ उत्तर देते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला नको. अर्थ एक नाही, तेवढं सासूबाईंचं चुकतंय. आणि विद्या कमी प्रतीची, हे जावईबापूंचं त्याहून जास्त चुकतंय. नाव कोणतं ठेवावं याबद्दल मला मत आहे, तेही सांगेन. पण मास्तरणीला विचारलंयस, तेव्हा थोडा तास ऐकून घ्यावा लागेल.

फरक शब्दकोशात शोधू नकोस. तिथे दोन्ही शब्दांपुढे 'ज्ञान' लिहिलेलं सापडेल आणि तुझं भांडण होतं तिथेच राहील. त्यापेक्षा कोणत्या शब्दाबरोबर कोणती क्रियापदं नांदतात ते बघ. विद्या आपण शिकतो, घेतो, देतो, मिळवतो, संपादन करतो. विद्येचा व्यासंग असतो. विद्येला माहेरघरसुद्धा असतं, आणि ते कुठे आहे हे पुणेकर न विचारता सांगतात. विद्यादान असतं, विद्यार्थी असतो. आता यातलं एक तरी प्रज्ञेला लावून दाखव. 'प्रज्ञादान' हा शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. 'प्रज्ञार्थी' म्हणून कुणी शाळेत नाव घालत नाही. प्रज्ञा असते किंवा नसते, जागी होते, स्थिर होते, ढळते. एक शब्द या हातातून त्या हातात जाणाऱ्या गोष्टीचा आहे. दुसरा ज्याच्या त्याच्या आतच घडणाऱ्या गोष्टीचा.

धातूंकडे बघितलंस तरी फार वेगळं दिसत नाही. विद्या 'विद्'पासून आली. वेद, विद्वान, वेत्ता, इतकंच काय वैद्यसुद्धा याच घरातला. पाणिनीच्या परंपरेत 'विद्' एक नाही, चार सांगितलेत: जाणणे, असणे, विचार करणे आणि मिळवणे. विद्या जाणण्याच्या 'विद्'ची, हे व्याकरण झालं. पण शेजारी राहणाऱ्या मिळवण्याच्या 'विद्'चा वास तिला लागलाय असं मला शिकवताना कायम वाटायचं. प्रज्ञेत 'ज्ञा' आहे आणि त्याला 'प्र' लागलाय, म्हणजे प्रकर्षाने, पुढे जाऊन जाणणं. हाच 'ज्ञा' आज्ञेत आहे, प्रतिज्ञेत आहे आणि अवज्ञेतही आहे, जिचा अनुभव तुला वर्गात रोज येत असेल.

आता गोष्टींमधली विद्या आठव. कच शुक्राचार्यांकडे राहिला तो संजीवनी विद्या आणायला. पुढे देवयानीला त्याने नकार दिला, तेव्हा तिने शाप दिला की ही विद्या तुला फळणार नाही. कच काय म्हणाला? मला न फळो, मी जिला-ज्याला शिकवीन त्याला फळेल. आदिपर्वातलं हे उत्तर मी मुलांना दोनदोनदा वाचून दाखवायची, कारण विद्येचा सगळा स्वभाव त्यात आहे. शिकलेल्याला उपयोग झाला नाही तरी ती पुढच्याच्या उपयोगी पडते. कर्णाचं उलट झालं. त्याने परशुरामांकडून अस्त्रविद्या खोटं सांगून मिळवली आणि ऐन गरजेच्या वेळी ती आठवेना. मिळालेली गोष्ट जाऊही शकते.

प्रज्ञा जाते का? जाते, पण तिला शाप द्यायला बाहेरून कुणी यावं लागत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या ५४व्या श्लोकात अर्जुन विचारतो, हा स्थितप्रज्ञ बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा? त्याच्या उत्तराचे श्लोक गांधीजींच्या आश्रमात संध्याकाळच्या प्रार्थनेत म्हणत. त्यात 'तस्य प्रज्ञा प्रतिष्ठिता' हे शब्द चारदा येतात. आणि ६७व्या श्लोकात म्हटलंय की इंद्रियांमागे फिरणारं मन माणसाची प्रज्ञा ओढून नेतं, वारा पाण्यावरची होडी नेतो तसं. म्हणजे इथे चोर घरातलाच. गंमत अशी की याच अध्यायात, ११व्या श्लोकात, श्रीकृष्णाने अर्जुनाला टोमणा मारलाय: 'प्रज्ञावादांश्च भाषसे'. ज्याचा शोक करू नये त्याचा करतोस आणि वर शहाण्यासारखा बोलतोस! प्रज्ञेची भाषा तोंडपाठ करता येते, असा याचा अर्थ. हा श्लोक घरात कुणाला ऐकवायचा की नाही ते तू ठरव.

इगतपुरीचं आता बघू. शिबिरात प्रज्ञेचे तीन प्रकार जावईबापूंच्या कानावर नक्की पडले असतील: श्रुतमयी, चिंतनमयी आणि भावनामयी. ऐकून-वाचून आलेली, स्वतः विचार करून आलेली आणि स्वतः अनुभवून आलेली. तिसरीवर भर असतो, तो योग्यच आहे. पण पहिलीचं नावही प्रज्ञाच आहे, हे त्यांच्याकडून निसटलेलं दिसतंय. ऐकणं-वाचणं म्हणजे आपण जिला रोजच्या बोलण्यात विद्या म्हणतो तीच की. तिला या विचाराने उंबऱ्याबाहेर ठेवलेलं नाही.

याच परंपरेतला एक दाखला मला फार आवडतो. पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोष या बौद्ध भिक्षूने 'विसुद्धिमग्ग' हा पाली ग्रंथ लिहिला. (तो नीट संपादून आपल्यापर्यंत आणण्यात गोव्याच्या सांखवाळात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींचा वाटा मोठा. त्या कामासाठी ते हार्वर्डपर्यंत गेले. विद्येसाठी घर सोडणं म्हणजे काय ते या माणसाच्या आत्मचरित्रात वाच, बाळ झोपलं की.) बुद्धघोष म्हणतो, फळीवर नाण्यांची रास पडलीय. लहान मुलाला ती रंगीत, गोल, चौकोनी दिसतात. गावातल्या माणसाला तेवढं कळतंच, शिवाय यांनी वस्तू विकत मिळतात हेही कळतं. सराफाला हे दोन्ही कळतं आणि वर कळतं, की हे नाणं खरं, हे खोटं, यात अर्धीच चांदी. पहिल्याला त्याने संज्ञा म्हटलं, दुसऱ्याला विज्ञान (इथे सायन्स नव्हे), तिसऱ्याला प्रज्ञा. आता मला सांग, सराफ सराफ झाला कसा? कुणाच्या तरी पेढीवर बसून, बोलणी खाऊन, नाणी वाजवून वाजवून. सराफी ही विद्याच आहे. ती शिकता शिकता एक दिवस हाताला आपोआप कळायला लागलं, तिथे प्रज्ञा सुरू झाली.

पण ती सुरू होईलच याची हमी नाही, आणि जावईबापूंच्या म्हणण्यात खरं आहे ते एवढंच. आनंद हा बुद्धाचा सावलीसारखा सोबती. सगळी प्रवचनं त्याला पाठ. बहुश्रुतांमध्ये पहिला म्हणून त्याचं नाव. तरी बुद्धाचं महापरिनिर्वाण झालं तेव्हा आनंद अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त झालेला भिक्षू, झालेला नव्हता. राजगृहाला पहिली संगीती, म्हणजे भिक्षूंची सभा, भरायची होती, तिला अर्हतच हवेत, आणि सगळ्यांत जास्त ज्याला आठवतं तोच दाराबाहेर! परंपरा सांगते की आदल्या रात्री पहाटेपर्यंत तो धडपडत राहिला, शेवटी दमून आडवा व्हायला गेला आणि डोकं उशीला टेकायच्या आत त्याला ते साधलं. दुसऱ्या टोकाला चूळपंथक नावाचा भिक्षू. चार महिने घोकूनही त्याला एक गाथा पाठ होईना. थोरल्या भावाने सांगितलं, तुझं इथे काम नाही, घरी जा. बुद्धाने त्याला एक स्वच्छ फडका दिला आणि 'रजोहरणं' म्हणत तो चोळत बसायला सांगितलं. फडका हळूहळू मळत गेला आणि त्या मळण्यात त्याला जे दिसायचं ते दिसलं. तुझ्या वर्गात दोन्ही प्रकारची मुलं असतील. बीजगणिताची सूत्रं धाडधाड म्हणणारं आणि एकही सूत्र न आठवता उत्तराच्या जवळपास पोचणारं. चाणक्याच्या नावावरचं सुभाषितही हेच विचारतं, 'यस्य नास्ति स्वयं प्रज्ञा शास्त्रं तस्य करोति किम्'. स्वतःची प्रज्ञा नसेल तर शास्त्र बिचारं काय करणार? त्यातल्या 'स्वयं'कडे लक्ष दे.

आपल्या सरकारने मात्र हा प्रश्न केव्हाच सोडवून टाकलाय. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा होती, तीत काळे गोल भरले की प्रज्ञा सापडायची. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत हिंदीच्या परीक्षा असतात, प्रबोध, प्रवीण आणि प्राज्ञ. प्राज्ञ पास झालेली पुष्कळ मंडळी माझ्या माहितीत आहेत, आणि मी त्यांच्याबद्दल काही बोलणार नाही.

आता विद्या कमी प्रतीची का, ते बघू. बुद्धाने दुःखाची कारणसाखळी सांगितली, बारा कड्यांची. पहिली कडी कोणती? अविद्या. पतंजलीने पाच क्लेश सांगितले, त्यातला पहिला कोणता? अविद्या. दोघांनाही 'अप्रज्ञा' म्हणावंसं वाटलं नाही. जिचा अभाव सगळ्या दुःखाच्या मुळाशी धरला ती हलकी कशी असेल? मुंडकोपनिषदात शौनक अंगिरसाला विचारतो, काय जाणलं म्हणजे सगळं जाणलं जातं? अंगिरस सांगतो, विद्या दोन आहेत, परा आणि अपरा. अपरा म्हणजे चार वेद आणि सहा वेदांगं, आणि परा म्हणजे जिने ते अविनाशी तत्त्व कळतं ती. बघ, चारही वेद त्याने खालच्या कप्प्यात ठेवले, पण वरच्या कप्प्याला नाव विद्याच दिलं. शाळांच्या बोधचिन्हांवर 'सा विद्या या विमुक्तये' असतं, ते विष्णुपुराणातलं. तिथे हे प्रल्हाद बापाला सांगतो, आणि पुढे जोडतो की बाकीची विद्या म्हणजे नुसतं हातचं कसब. बोधचिन्हावर पुढची ओळ छापत नाहीत, छापली तर निम्मे अभ्यासक्रम बंद करावे लागतील.

म्हणजे विद्या हा शब्द लांबरुंद आहे. चोरीची विद्याही विद्या आणि ब्रह्मविद्याही विद्या. चौदा विद्यांच्या यादीत वेदांबरोबर पुराणं, न्याय, मीमांसा, धर्मशास्त्र बसतात. प्रज्ञा अरुंद आहे आणि उंच आहे, तिला वाईट अर्थाने वापरायचं तर श्रीकृष्णासारखा टोमणाच मारावा लागतो. या दोघींना एका शिडीवर उभं करून कोण वरच्या पायरीवर ते विचारणं म्हणजे प्रश्नच चुकवणं.

तरी दोघींचा क्रम कुणीतरी नेमका लावून ठेवलाय, आणि ते डॉ. आंबेडकरांनी. 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा त्यांचा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या मागे, प्रसिद्ध झाला. धम्म सद्धम्म, म्हणजे खरा धम्म, केव्हा होतो, या भागात त्यांनी पायऱ्या मांडल्यात. पहिली, विद्या सर्वांना खुली असली पाहिजे. दुसरी, नुसती विद्या पुरेशी नाही, तिने पढीक पांडित्य येऊ शकतं. तिसरी, हवी ती प्रज्ञा. आणि तिथे ते थांबत नाहीत, नुसती प्रज्ञाही पुरेशी नाही, तिच्याबरोबर शील हवं, करुणा हवी, मैत्री हवी. जावईबापू दुसरी आणि तिसरी पायरी अगदी बरोबर बोलताहेत, पण पहिली गाळून. बाबासाहेबांनी ती पहिली ठेवली, कारण दार बंद असणं काय असतं ते त्यांना माहीत होतं. त्याच भागात एका विद्वानाची गोष्ट आहे. वादात त्याच्या तोडीचं कुणी उरलं नाही, तेव्हा जग अंधारात आहे म्हणून तो हातात पेटती मशाल घेऊन फिरायला लागला. बुद्धाने त्याला सांगितलं की स्वतःला मोठा समजून दुसऱ्याला तुच्छ लेखणारा माणूस हातात दिवा धरलेल्या आंधळ्यासारखा असतो. 'परदन्या' सुधारताना ही मशाल आठवली तर बरं.

आणि त्या 'परदन्या'बद्दल तर मला जावईबापूंचा कानच धरायचाय. 'ज्ञ' मध्ये ज् आणि ञ आहेत. तसा उच्चार महाराष्ट्रात कुणी करत नाही. आपण द्न्य म्हणतो, हिंदीवाले ग्य म्हणतात, गुजराती लोक ग्न. तेव्हा 'प्रद्न्या' म्हणणाऱ्या इंजिनिअरने 'परदन्या' म्हणणाऱ्या आईला अशुद्ध म्हणायचं काही कारण नाही. जोडाक्षराच्या मध्ये स्वर घालून ते मोकळं करणं ही आपल्या भाषांची जुनी खोड आहे. प्रसादाचा परसाद होतो, भक्ताचा भगत होतो. पाली भाषेने तर 'प्र'मधला र काढूनच टाकला आणि 'पञ्ञा' केलं, आणि तिपिटकात, म्हणजे बौद्धांच्या मूळ ग्रंथांत, बुद्धाच्या तोंडी तोच शब्द आहे. आपली 'पैज' म्हणजे मूळची प्रतिज्ञा, आणि 'राणी' म्हणजे राज्ञी. अशुद्ध म्हणून यातलं काही परत करायचं का?

सासूबाईंकडे येते. त्या 'अर्थ एकच' म्हणतात ते व्याकरणाने चूक आहे, पण त्या व्याकरण सांगत नाहीयेत. विद्येबद्दलचं एक सुभाषित आपण सगळ्यांनी पाठ केलंय: 'न चोरहार्यं न च राजहार्यं', चोर नेत नाही, राजा नेत नाही, भावांमध्ये वाटणी होत नाही. खरंच आहे, एकदा मिळाली की कुणी नेत नाही. पण मिळायच्या आधी अडवता येते, आणि भावंडांसाठी अडवता येते. ज्याने सुभाषित रचलं त्याच्या मनात चौथीत असलेली निफाडकडची मुलगी नसणार. जोतीराव फुल्यांच्या मनात मात्र अशीच माणसं होती. १८८३च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी लिहिलं, विद्येविना मती गेली, मतीविना नीती गेली, नीतीविना गती गेली, गतीविना वित्त गेले, वित्ताविना शूद्र खचले, इतके अनर्थ एका अविद्येने केले. पुन्हा अविद्याच बघ, पण बुद्धाची नाही आणि पतंजलीचीही नाही, ही शाळेत जाऊ न दिल्याची अविद्या. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली ती हिच्यावर उपाय म्हणून. सासूबाईंना हाच अर्थ माहीत आहे. त्यांना नातीच्या नावात एक शब्द नकोय, त्यांना मिळाली नाही ती वस्तू हवीय.

मला तुमच्या घरात एक गोष्ट दिसते. जावईबापूंकडे विद्या भरपूर आहे, त्यांना प्रज्ञा खुणावते. सासूबाई चौथी शिकलेल्या. त्यांनी संसार केला आणि मुलाला इंजिनिअर केलं. कुठे बोलायचं, कुठे गप्प बसायचं हे त्यांना पुस्तकाशिवाय कळलेलं असणार, आणि त्यांना विद्या हवीय. जे आपल्याकडे कमी पडलं ते दोघंही मुलीच्या नावात भरून काढताहेत. यात वाईट काही नाही, सगळेच करतात. फक्त दोघांनी एकमेकांना ते सांगितलेलं नाही.

माझं मत विचारशील तर विद्या ठेवा. सासूबाई वडीलधाऱ्या आहेत म्हणून नव्हे. नाव ही आईबापांनी दिलेली गोष्ट, आणि दोघींपैकी देता येण्यासारखी विद्याच आहे. शाळा, पुस्तकं, गाण्याचा क्लास, गणित तर घरचंच, हे सगळं तुम्ही तिला देऊ शकता. प्रज्ञा ती तुमच्याकडून घेणार नाही, तिची ती येईल, कदाचित तुमचं सांगणं मोडूनच येईल. घरात प्रज्ञा या नावामागे वेगळं कारण असतं तर मी वेगळं सांगितलं असतं. बाबासाहेबांनी मे १९५६मध्ये बीबीसीवरच्या भाषणात बौद्ध धम्म का आवडतो ते सांगताना प्रज्ञा, करुणा आणि समता ही तीन तत्त्वं सांगितली. प्रज्ञा म्हणजे अंधश्रद्धेविरुद्धची समज, असा त्यांचा अर्थ. कित्येक घरांत लेकींची नावं त्या जाणिवेतून ठेवलेली आहेत, तिथे 'प्रज्ञा'ला मी हात लावू देणार नाही. पण तुझ्या पत्रात कारण दिलंय ते 'विद्या कमी प्रतीची' हे, आणि ते टिकत नाही.

तरी हे मत घरात माझ्या नावाने नेऊन आपटू नकोस. आधी जावईबापूंना एक काम सांग. आईजवळ बसून त्यांनी विचारायचं, तुझी शाळा कुठली होती, बाई कोण होत्या, सुटली त्या वर्षी काय झालं. सुधारायचं नाही, इगतपुरी मध्ये आणायची नाही, ऐकायचं फक्त. अजून हे विचारलं नसेल अशी मला शंका आहे; मुलगे विचारत नाहीत. त्यानंतरही त्यांना प्रज्ञाच हवं असेल तर सासूबाईंना त्यांनी स्वतः सांगावं, का हवं ते, आपल्या शब्दांत. माणसं कारण कळलं की बरंच काही सोसतात. आणि तुला दोन्ही आवडतात हे तू आजच सांग. नऊ महिने तू काढलेस आणि मत द्यायला घाबरतेस, ही कुठली रीत?

पाळण्यातलं एक आणि दाखल्यावरचं एक, अशी वाटणी करू नका. आपल्याकडे ती रीत आहे, पण तुमच्या घरात खरं नाव कोणतं यावरून तेच भांडण वीस वर्षं चालेल. नणंदेचं 'ज्ञानदा' कुणाला नको तर नको, पण बारशाला कानात नाव सांगायचा आणि पाठीवर बुक्के खायचा मान आत्याचाच, तेव्हा ठरलं की पहिला फोन तिला कर.

घाई कसलीही नाही. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते, ती केली असशीलच. नोंदीत नाव नंतर घालता येतं, बारा महिन्यांपर्यंत फुकट आणि त्यापुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. एकदा घातलेलं नाव बदलणं मात्र कटकटीचं आहे, म्हणून घरातलं सगळं मिटल्यावरच जा. आणि इंग्रजी स्पेलिंग आधी ठरवून जा. विद्याचं फारसं अडत नाही, पण प्रज्ञा ठरलं तर डी-एन-वाय, जे-एन आणि जी-वाय अशी तीन स्पेलिंगं चालतात, आणि दाखल्यावर एक, आधारवर दुसरं झालं की दहावीच्या फॉर्मपासून पासपोर्टपर्यंत प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं. अर्जावर मोठ्या अक्षरांत लिहून दे आणि दाखला हातात पडला की खिडकीवरून हलायच्या आधी वाचून घे.